भिंत पडली म्हणजे भाडेकरू संपला काय?

(द्वितीय वर्ष, कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

भाडेकरू हा शब्द उच्चारला की आपल्या समाजात दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. पहिले चित्र मालकाची जागा बळकावून तीन पिढ्या ठाण मांडून बसलेल्या चिवट माणसाचे. दुसरे चित्र पहिल्या तारखेला मालकाच्या ओसरीवर हात जोडून उभ्या असलेल्या गरीब माणसाचे. पहिल्याचा आपल्याला राग येतो, दुसऱ्याची कीव येते. दोन्ही वेळा आपण त्या माणसाच्या स्वभावाचा विचार करतो, त्याच्या हक्काचा करीत नाही. राहते घर राहण्याजोगे उरले नाही, तर भाडेकरूचे कायद्याने काय उरते, हा प्रश्न आपल्या सांगलीसारख्या नदीकाठच्या गावात दर दोन-चार वर्षांनी उभा राहतो. तरीही राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्क घोकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांपैकी किती जणांना त्याचे उत्तर देता येईल, याची मला शंका आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली मंजूर झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी मुंबई इलाख्याचा १९४७ चा, विदर्भाचा निराळा आणि मराठवाड्याचा निराळा असे तीन कायदे राज्यात नांदत होते, ते एकत्र केले गेले. या अधिनियमाचे १४ वे कलम प्रत्येक भाडेकरूने पाठ करावे असे आहे. जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे बंधन आहे, असे ते स्वच्छ शब्दांत सांगते. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने, किंवा सर्व भाडेकरूंनी मिळून, त्याला निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. इतकेच नव्हे, भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानावा, असेही त्यात म्हटले आहे. गरिबाच्या वहीवर कायद्याने एवढा विश्वास टाकलेला मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

आता याच कलमातील खोच पाहा. वर्षाकाठी वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. गावभागातल्या जुन्या वाड्यात महिना साठ रुपये भाडे देणारे बिऱ्हाड घ्या. वर्षाचे भाडे झाले ७२० रुपये आणि त्याचा चौथा हिस्सा १८० रुपये. एवढ्यात सिमेंटचे एक पोतेदेखील येत नाही. अशी आठ बिऱ्हाडे एकत्र आली, तर वर्षाला १,४४० रुपये वळते होतील. मागची भिंत नव्याने बांधायला चाळीस हजार लागले असे धरू. नुसती मुद्दल फिटायलाच सुमारे अठ्ठावीस वर्षे हवीत. त्यावर गंमत अशी की, भाडेकरूंनी मिळून केलेल्या खर्चावर सालीना १५ टक्के सरळ व्याजही कायदा देऊ करतो. चाळीस हजारांचे व्याज वर्षाला सहा हजार होते आणि वसूल करायची मुभा १,४४० रुपयांचीच! म्हणजे मालकाच्या डोक्यावरचे देणे दर वर्षी वाढत जाणार आणि भाडेकरूच्या हातात ते कधीच पडणार नाही. माझे गणित कच्चे आहे, हे आमच्या शाळेतले गुरुजी सांगतील. पण हा हिशेब मी तीनदा करून पाहिला.

मग भाडे इतके कमी का, असे कोणी विचारील. विचारायलाच हवे, कारण मालकाची बाजू न ऐकता लिहिलेला लेख म्हणजे नुसते गाऱ्हाणे. जुन्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे १९४० सालाशी बांधून टाकले होते. युद्धकाळातली तात्पुरती सोय पन्नास वर्षे चालली. धान्य, कौले, गवंड्याची मजुरी, घरपट्टी सारे वाढले, भाडे मात्र जागच्या जागी. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेण्याचा हक्क दिला. पण साठ रुपयांचे चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. ज्या मालकाचे पोट त्या भाड्यावर आहे, त्याने त्यातून वाडा शाकारायचा कसा? पुष्कळ मालक म्हातारे आहेत, काही विधवा आहेत, काहींची मुले पुण्या-मुंबईस निघून गेली आहेत. त्या सगळ्यांना राक्षस ठरवून आपला प्रश्न सुटत नाही.

मात्र एक गोष्ट मान्य करूनच पुढे जायला हवे. वाडा उभा असेपर्यंत मालकाला त्यापासून काही मिळत नाही; वाडा पडला की त्याखालच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. म्हणजे घर पडण्यात ज्याचा फायदा, त्याच्याच हाती ते सांभाळण्याचे काम आपण सोपवले आहे. एखादा मालक मनाने कितीही चांगला असला, तरी गळणाऱ्या पन्हळीकडे पाहून तो शिडी आणायला धावेल, अशी अपेक्षा ठेवणे हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. तो वाट पाहील. आणि आपल्या गावात वाट पाहणाऱ्याला कृष्णामाई फार काळ ताटकळत ठेवीत नाही.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. सिमेंटच्या घरात पाणी शिरले तर सामान नासते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत पाणी शिरले तर घरच नासते. ते लगेच पडत नाही, हे पूर न पाहिलेल्या वाचकांना सांगायला हवे. पाणी असेपर्यंत भिंत फुगून उभी असते. पाणी उतरते, लख्ख ऊन पडते, माणसे गाळ काढायला लागतात आणि मग ओल सुकता सुकता भिंत आतून सुटते. आमच्या वाड्याची मागची भिंत अशीच पाणी ओसरल्यावर आठ-नऊ दिवसांनी बसली. मी तेव्हा आठवीत होते. भिंतीबरोबर सामाईक संडासही गेला. वाड्यातल्या बायका-मुली त्यानंतर दोन महिने पलीकडच्या बोळातल्या घरी विनवणी करून जात. राहण्याजोगे घर म्हणजे काय, यावर वकील मंडळी तासन् तास वाद घालू शकतील. भाडेकरू कुटुंबातल्या बाईला विचाराल तर ती एका वाक्यात सांगेल.

वडील हळदीच्या पेठेत हमाल. मालकांकडे दुरुस्तीचे विचारायला गेले, तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, "अरे, घरच राहिलं नाही आता. मग भाडं कसलं आणि भाडेकरू कसला?" बोलण्यात राग नव्हता, दमदाटी नव्हती. ऐकणाऱ्याला ते पटावे इतके सरळ वाक्य होते. वडिलांनाही ते पटले. पंधरा दिवसांत वाड्यातल्या चार बिऱ्हाडांनी किल्ल्या परत केल्या, आणि त्यांत एक किल्ली आमची होती.

आता या वाक्याचा कायद्याच्या बाजूने विचार करू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम आग, वादळ, पूर किंवा अशाच न आवरणाऱ्या शक्तीने भाड्याच्या मिळकतीचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला वा कायमचा निकामी झाला, तर काय व्हावे ते सांगते. भाडेपट्टा रद्द होतो, पण तो कोणाच्या इच्छेने? भाडेकरूच्या! त्याला वाटले तर तो करार संपवू शकतो. नाही वाटले तर नाही. मालकाने परस्पर तो संपला असे जाहीर करण्याची सोय त्या कलमात नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजी अमलात लिहिलेल्या या कायद्यात पूर हा शब्द आहे. सांगलीच्या भाडेकरूला मात्र तो ठाऊक नसतो.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. इमारत पूर्ण पाडली गेली, तर भाडेकरूचा हक्क उरतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. पूर्वी दोन न्यायाधीशांच्या पीठाने एका प्रकरणात, दुकान नष्ट झाल्यावर भाडेकरारही नष्ट होतो, असा निर्णय दिला होता. २०१४ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलला. भाड्याने दिलेली वस्तू म्हणजे केवळ भिंती आणि छप्पर नव्हे, त्याखालची जमीनही तीत येते. म्हणून वरचे बांधकाम गेले, एवढ्यामुळे भाडेकरूपण संपत नाही, असे या पीठाने म्हटले. आणि हे प्रकरण कोठले? दिल्लीचे नव्हे, मुंबईचेही नव्हे. आपल्याच सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीचे! मालकांनी ते शांत वाक्य उच्चारले, त्याच्या पाच वर्षे आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर देऊन ठेवले होते, तेही आमच्याच गावच्या खटल्यात. आमच्या वाड्यात ते कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वर्तमानपत्र वाड्यात एकच येई आणि तेही मालकांकडे.

किल्ली परत देण्याचा अर्थ मात्र कायदा वेगळा लावतो. भाडेकरूने आपण होऊन ताबा सोडला, तर त्याने हक्कही सोडला असे समजले जाते. भिंतीने जे हिरावले नव्हते, ते त्या दोन इंचांच्या लोखंडाने गेले.

बरे, किल्ली दिली नाही, नुसते कुलूप लावून माणूस गावी आजोळी जाऊन राहिला, तर? तेथेही एक खड्डा आहे. सहा महिने सलग, सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो, असे १६ व्या कलमात आहे. पुराने जागा राहण्याजोगी उरली नाही हे सबळ कारण खरे, पण ते सांगायचे कोणी आणि कोठे? म्हणून जाताना मालकाला एक पत्र लिहावे: भिंत पडल्यामुळे तात्पुरते बाहेर राहत आहोत, हक्क सोडलेला नाही, दुरुस्ती करून द्यावी. पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी, झेरॉक्स काढून ठेवावी. दुसरा खड्डा भाड्याचा. घर गळते म्हणून रागाने भाडे बंद करणे हा आपल्या लोकांचा आवडता उपाय आहे, आणि तोच त्यांना भोवतो. कायदा भाडेकरूला संरक्षण देतो ते तो भाडे देत असतो किंवा द्यायला तयार असतो म्हणून. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करावी, बँकेतून पाठवावे, पण थांबवू नये. आणि तिसरा खड्डा दुरुस्तीचाच: मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले, तर तेच ताबा जाण्याचे कारण ठरते. सुदैवाने कायदा करणाऱ्यांत कोणीतरी स्वयंपाकघर पाहिलेला माणूस असावा. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, लाकडी पडदी, हवेसाठी खिडकी, धुराडे यांना कायमचे बांधकाम म्हणायचे नाही, असा खुलासा त्याने त्या कलमाला जोडून ठेवला आहे.

मालकाने पाणी तोडले, जिन्यातला दिवा काढला, संडासाची सफाई थांबवली, तर २९ वे कलम आहे. ही सर्व अत्यावश्यक सेवा आहे, ती पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाही, आणि तोडली तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. तो गुन्हाही आहे. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण या कलमाची थोडीफार कल्पना लोकांना असते. पाणी तोडले की माणूस ओरडतो. भिंत हळूहळू फुगते, तेव्हा ओरडायचे कधी, हेच कळत नाही.

आता महापालिकेकडे वळू. दर वर्षी मृगाच्या आधी जुन्या घरांच्या दारांवर धोकादायक इमारतीच्या नोटिसा चिकटतात. महापालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमाखाली आयुक्तांना तो अधिकार आहे आणि तो असायलाच हवा. २०१७ साली मुंबईत भेंडीबाजारात इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली. २०१९ च्या जुलैत डोंगरीत, २०२० च्या सप्टेंबरात भिवंडीत तेच झाले. नोटीस नको, असे शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे नोटिशीनंतरचा. आमच्या भागातल्या नोटिशीचा एकूण मजकूर असा असतो, की घर उतरवून घ्या, अन्यथा जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. माणसाने कोठे जायचे, परत कधी आणि कशाच्या आधारावर यायचे, याविषयी त्या कागदावर अवाक्षर नसते.

आणि तरीही नियम आहेत! मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१५ साली नगरविकास विभागाने परिपत्रक काढून ती राज्यातल्या महापालिकांना लावली. त्यानुसार इमारतींचे वर्ग पाडायचे असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, ताबडतोब पाडावयाची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. सी-२बी म्हणजे माणसे न हलवता दुरुस्ती करावयाची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. हा भेद कागदी वाटेल, पण गरिबाचे सारे नशीब सी-१ आणि सी-२ए यांच्यामधल्या रेघेवर असते. पहिल्यात घर जाते, दुसऱ्यात माणूस परत येतो. मालकाने आणलेल्या इंजिनिअरने सी-१ म्हटले आणि भाडेकरूंनी आणलेल्या इंजिनिअरने सी-२ए म्हटले, तर दोन्ही अहवाल तांत्रिक सल्लागार समितीपुढे जावेत, अशी तरतूद आहे. भाडेकरूंना स्वतःचा अहवाल आणता येतो, हीच गोष्ट मुळात किती जणांना माहीत आहे? आणि घर पाडण्याआधी कोणत्या भाडेकरूच्या ताब्यात किती क्षेत्र आहे, ते मोजून त्याची नोंद करायची असते. ही नोंद म्हणजे पडलेल्या घरातल्या भाडेकरूचा जन्मदाखला. ती असेल तर नव्या इमारतीत हक्क सांगता येतो. नसेल तर मग, "तुमची खोली कोठे होती, दाखवा बरं," असे विचारले की बोट दाखवायला मोकळ्या आकाशाखेरीज काही नसते.

मुंबईच्या जुन्या बेटावरच्या भाडेकरूंना निदान एक आधार आहे. तेथे १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, पुढे ते म्हाडाखाली आले. भाडेकरू उपकर भरतात आणि मंडळ दुरुस्ती करते. ती किती होते आणि किती वर्षांनी होते, संक्रमण शिबिरात गेलेली माणसे तेथेच म्हातारी कशी होतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण मंडळ आहे, मोर्चा न्यायला एक दार आहे. सांगली, सातारा, नाशिक, सोलापूर येथे असे दारच नाही. आमच्याकडे मालक आहे, महापालिकेची नोटीस आहे आणि नदी आहे.

येथवर मी ज्यांविषयी लिहिले, ते जुने भाडेकरू. आता आमच्यासारख्यांचे, म्हणजे बहुतेक वाचकांचे, सांगते. वाड्यातून निघाल्यावर आम्ही कुपवाडच्या बाजूला अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतली. साठ रुपयांच्या जागी काही हजार रुपये भाडे आले. वडिलांना वाटले, एवढे पैसे देतो आहोत, आता निदान हक्क पक्का. झाले उलटेच. अकरा महिन्यांचा तो कागद भाडेकराराचा नसून लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यावर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, परवानाधारक. दुरुस्तीचे ते १४ वे कलम भाडेकरूंसाठी आहे. परवानाधारकाचे हक्क त्याच्या करारात जे छापले असेल तेवढेच. मुदत संपून जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि १८८२ च्या इझमेंट कायद्याप्रमाणे जागाच नष्ट झाली, तर परवानाही आपोआप संपतो. पडलेल्या वाड्याचा भाडेकरू भाडेकरू राहतो. पडलेल्या खोलीतला परवानाधारक कोणीही राहत नाही. एक गोष्ट तेवढी त्याच्या बाजूची आहे: जागेत जिवाला धोका होईल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो आधी सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे तोच कायदा म्हणतो. आता, खोली दाखवताना छताच्या सळ्या गंजल्या आहेत असे सांगणारा मालक कोणी पाहिला असेल, तर त्याने मला जरूर कळवावे.

म्हणजे स्थिती अशी झाली आहे. ज्याला दुरुस्ती मागण्याचा हक्क आहे, त्याचे भाडे इतके थोडे, की त्या हक्कातून एक वीट उभी राहत नाही. ज्याचे भाडे भरपूर आहे, त्याच्या भाड्यातून सहज दुरुस्ती होईल, पण त्याला हक्कच नाही. पैसा एकीकडे, हक्क दुसरीकडे, आणि छप्पर दोघांचेही गळते. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे एक आदर्श भाडेकरू कायदा ठेवला. घर राहण्याजोगे नसेल आणि लेखी सांगूनही मालक दुरुस्त करीत नसेल, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन निघून जाण्याचा हक्क त्यात आहे. परंतु निघून जाण्याचा हक्क हा ज्याला दुसरीकडे जाता येते त्याचा हक्क. हमालाला पेठेपासून पाच कोसांवरचे स्वस्त घर परवडत नाही, कारण पहाटे पाचला गाडी लागते आणि तेव्हा बस नसते.

माझे मत असे, की १४ व्या कलमातली एक चतुर्थांशाची मर्यादा निदान जीव धोक्यात आणणाऱ्या दुरुस्तीसाठी उठवली पाहिजे. ज्या मालकाला खरोखरच ऐपत नाही, त्याच्या वाड्याची दुरुस्ती महापालिकेने करावी आणि खर्चाचा बोजा जमिनीवर चढवावा. उद्या ती जमीन विकसित होईल, तेव्हा तो आपसूक वसूल होईल. यात मालकाचेही नुकसान नाही आणि पडण्याची वाट पाहण्याचा मोहही उरत नाही. राहण्याजोगे घर देण्याचे बंधन लिव्ह अँड लायसन्सच्या मालकावरही कायद्यानेच घातले पाहिजे, छापील कागदावर सोडून चालणार नाही. काही मंडळी म्हणतील, की असे केले तर कोणी घर भाड्याने देणारच नाही. १९४० च्या गोठवणुकीने तसे झाले, हे खरे. पण तेथे भाडे गोठवले होते. मी भाडे गोठवा असे म्हणत नाही. भाडे घेता ना, मग भिंत उभी ठेवा, एवढेच म्हणते.

कायदा बदलायला विधानसभा लागते. काही गोष्टींना ती लागत नाही. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. आमच्या वाड्यात भाडे मालकांच्या वहीत लिहिले जाई आणि वही मालकांकडे असे. २०१९ च्या पुरानंतर पंचनामे झाले, तेव्हा आमची भांडी-कपडे गेले हे सांगायला आमच्या हातात फक्त रेशनकार्ड होते, तेही भिजलेले. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी ५५ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. तसे केले नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे धरावे, असे तेच कलम म्हणते. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी सांगते: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळण्यास जे पात्र आहेत, त्यांत स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आहेत, कामगार आहेत आणि पूरग्रस्तही आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. आम्ही त्यासमोरून रोज शाळेला जात होतो.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी होते. आपण एखाद्या गावात जातो, रस्ता झाडतो, वृक्षारोपण करतो, संध्याकाळी पथनाट्य करतो. त्या झाडांतली किती जगतात हे प्राध्यापक मंडळींना माझ्याहून अधिक माहीत आहे. माझी सूचना अशी, की एक शिबिर येत्या मे महिन्यात, नोटिसा लागायच्या आधी, गावभागात घ्यावे. प्रत्येक जुन्या वाड्यात दोन विद्यार्थ्यांनी टेप घेऊन जावे. प्रत्येक बिऱ्हाडाची खोली लांबी-रुंदीने मोजावी, कागदावर नकाशा काढावा, तारीख घालावी, त्यावर भाडेकरूची, शेजाऱ्याची आणि शक्य झाल्यास मालकाचीही सही घ्यावी, मोबाइलवर भिंतींचे फोटो काढावेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भाड्याचा हिशेब लिहून द्यावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी पंधरा दिवसांच्या नोटिशीचा मजकूर सोप्या भाषेत तयार करावा. एक प्रत भाडेकरूकडे, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. आपले ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आहे. तेथवर पाणी अजून कधी चढलेले नाही.